कडीकाकू

"‘कडीकाकूच्या नजरेत ताकद होती. तिनं पातेल्यात नुसतं डोकावलं तरी दूध नासायचं!’" आम्रपाली मोठ्यानं वाचत होती आणि बाकीच्या दोघी कॉटवर पडून पोट धरधरून हसत होत्या.

हेमाताई आगाशे दाराबाहेर उभ्या होत्या. गच्चीवरच्या वाळलेल्या कपड्यांत मुलींचे दोन टॉवेल आले होते, ते द्यायला त्या मागच्या खोलीकडे आल्या होत्या.

"पुढे ऐका ना. ‘बरोब्बर साडेनऊला ती कडी लावायची. नऊ एकतीसला आलेल्या मुलीनं जिन्यात बसावं, नाहीतर आपल्या गावी परत जावं, कडीकाकूला दोन्ही चालायचं.’ सेम आपल्या काकू यार!"

"हळू बोल, ऐकतील."

"ऐकलं," हेमाताई आत येत म्हणाल्या. त्यांनी टॉवेल कॉटवर ठेवले. "चालू द्या तुमचं. साडेनऊला अजून पाच तास आहेत."

तिघी उठून बसल्या. आम्रपालीनं पुस्तक पाठीमागे लपवलं, मग ते फारच शाळकरी दिसतंय असं वाटून पुन्हा पुढे आणलं. "काकू, तुम्हाला नाही म्हटलं, खरंच! नॉव्हेल आहे. ‘नऊ एकतीस’. आमच्या कॉलेजात सगळ्या हेच वाचतायत. लव्हस्टोरी आहे. आणि रायटर पण पेठेतच कॉट बेसिसवर राहायची म्हणे. अपेक्षा ढोके."

हेमाताईंनी हात पुढे केला. "तुमचं झालं की मला दे."

"तुम्ही वाचणार?"

"का? मला वाचता येतं."

आम्रपालीनं पुस्तक तेव्हाच देऊन टाकलं.

सदाशिव पेठेतल्या त्या दोन मजली इमारतीत आगाशे पती-पत्नी चौतीस वर्षं राहत होते. मूलबाळ झालं नाही. मागच्या खोलीत तीन कॉट टाकून त्यांनी मुली ठेवायला सुरुवात केली, त्यालाही आता वीस वर्षं होत आली. वर्ध्याच्या, यवतमाळच्या, भंडाऱ्याच्या मुली यायच्या, शिकायच्या, नोकरीला लागून हिंजवडीकडे निघून जायच्या. दिवाळीला काहींचे फोन यायचे. ते श्यामरावांच्या मोबाइलवर यायचे. श्यामराव बँकेत काउंटरवर होते, गोड बोलायचे, सगळी पेठ त्यांना देवमाणूस म्हणायची. हेमाताईंना पेठ काही म्हणत नसे. जिन्यात भेटलं की बायका जरा कडेला होऊन त्यांना वाट देत.

अपेक्षा आर्वीची. सात वर्षांपूर्वी खिडकीजवळच्या कॉटवर होती. वीस मुली येऊन गेल्या असतील, पण हेमाताईंचा जीव जडला तो या एकीवर. बोलायची भरभरून, केस विंचरून घ्यायला स्वयंपाकघरात येऊन बसायची. आणि एके दिवशी अचानक निघून गेली. निरोप न घेता. हेमाताईंनी नंतर दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. मोठी झाली, विसरली, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती.

दुपारचा चहा गार होऊ देऊन त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका होती. ‘श्यामकाकांना. माझ्यासाठी कडी काढून ठेवणाऱ्या पुण्यातल्या एकमेव माणसाला.’

त्यांनी ते तीनदा वाचलं.

श्यामराव नऊच्या ठोक्याला झोपणारा माणूस. पुढच्या दाराची कडी डावीकडे सरकते की उजवीकडे, हेही त्यांना सांगता आलं नसतं. कडी हेमाताईच लावायच्या. साडेनऊला खाडकन वाजवून लावायच्या, म्हणजे आतल्या मुलींना ऐकू जावं आणि धाक राहावा. आणि एखादी यायची राहिली असेल तर पाच मिनिटांनी अनवाणी येऊन तीच कडी आवाज न करता काढून ठेवायच्या. नियम मोडलेला दिसू नये आणि पोर जिन्यातही बसू नये, एवढाच त्यात हेतू. अपेक्षा साई नावाच्या मुलाबरोबर फिरायला लागली तेव्हा तर महिन्यातून दहा वेळा.

पुस्तकात मात्र लिहिलं होतं, ‘काका सकाळी हळूच म्हणाले, ती झोपली की मी कडी काढतो. तिला कळू देऊ नकोस हं.’

हेमाताई वाचत राहिल्या. लव्हस्टोरी म्हणून पुस्तक त्यांना फारसं पटलं नाही. नायकाचे डोळे दर चार पानांनी तपकिरी व्हायचे. दोघं एका कॉफीवर तीन तास बसायचे आणि बोलायचे काय, तर तू मला समजून घेतोस आणि तू मला समजून घेतेस. साई प्रत्यक्षात चष्मेवाला, किडकिडीत, जिन्याखाली उभं राहून नखं खाणारा मुलगा होता आणि तोच जास्त बरा होता, असं त्यांचं मत पडलं. तरीपण एका ठिकाणी, मुलगी तापानं फणफणलेली असताना तो मुलगा खालच्या दुकानातून औषध घेऊन दाराशीच ठेवून जातो, तिथे त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःवरच चरफडत पदरानं डोळे पुसले.

आणि पुढच्याच पानावर बेसनाचे लाडू आले.

तापातून उठलेल्या मुलीला काका कागदात बांधून दोन लाडू आणून देतात. म्हणतात, ‘डब्यातून चोरून आणलेत. हिनं मोजून ठेवलेत, गुपचूप खा.’

ते बेसन हेमाताईंनी पाऊण तास भाजलं होतं. मुली आपल्याकडून घ्यायला संकोचतात, पण काकांनी दिले तर नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांनीच ते लाडू नवऱ्याच्या हातात दिले होते. जाऊन द्या त्या पोरीला, म्हणाल्या होत्या. मोजायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा झाला. श्यामराव म्हणाले, "आज आमटीला चव नाही," आणि त्यांनी मीठ पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटाकडचं प्रकरण आलं. सकाळी सकाळी मुलीचे वडील दारात उभे. बॅग भरायला लावतात. परीक्षा तोंडावर आलेली. ती विनवते, रडते. वडील म्हणतात, ‘तुझ्या घरमालकीणबाईंचाच निरोप आला. पोरगी हाताबाहेर गेली, आजच्या आज घेऊन जा म्हणाल्या.’ दाराशी काका उभे असतात, डोळ्यांत पाणी घेऊन. ‘मी खूप समजावलं ग. पण ही ऐकतच नाही.’ कडीकाकू घरात नसते. ‘आग लावून ती बहिणीकडे निघून गेली होती. माझ्या डोळ्यांना डोळे भिडवायची तिची हिंमत नव्हती.’

हेमाताईंनी पुस्तक पालथं घातलं. संताप तर आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली, आणि ती कशाची हे त्यांना आधी कळेना.

बहिणीकडे गेल्या होत्या हे खरं. विश्रांतवाडीला, तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, चार दिवस. परत आल्या तर खिडकीजवळची कॉट रिकामी. श्यामराव म्हणाले होते, "घरचं काहीतरी निघालं, वडील घेऊन गेले. तुला नमस्कार सांगितलाय."

आणि त्याच्या आठवडाभर आधी अपेक्षानं त्यांच्यासमोर बसून कोथिंबीर निवडता निवडता साईचं सगळं सांगितलं होतं. लग्न करायचंय, पण घरी कळलं तर शिक्षण बंद होईल. "काकू, कोणाला सांगणार नाही ना?" हेमाताई म्हणाल्या होत्या, "परीक्षा होऊ दे आधी. मी कुणाला सांगायची नाही." त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त नवऱ्याला. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे, असंच त्या मानत आल्या होत्या. आता त्यांना कळलं, लाज कशाची वाटत होती ते.

चार वाजता श्यामराव वामकुक्षी करून उठले. हेमाताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि कपाशेजारी पुस्तक.

श्यामरावांनी चष्मा लावला, पुस्तक पाहिलं आणि चष्मा पुन्हा काढला. "हे तुला कुठून मिळालं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला पाठवलं होतं तिनं. दोन महिने झाले. कपाटात आहे. तुला उगीच त्रास नको म्हणून दाखवलं नाही."

"अपेक्षाच्या वडिलांना फोन कोणी केला होता?"

श्यामरावांनी चहाचा घोट घेतला. "आता सात वर्षांनी..."

"कोणी केला होता?"

"मीच केला. मग काय करायचं? उद्या पोर पळून गेली असती तर आगाशांच्या घरातून गेली असं झालं असतं. जबाबदारी असते आपली."

"आणि सांगितलं काय?"

"जे सांगायचं तेच सांगितलं. की आमच्या हिचं म्हणणं आहे, मुलीला घेऊन जा."

"माझं म्हणणं?"

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते," श्यामराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "बाईमाणसाचं म्हणणं म्हटलं की समोरच्याला पटतं. मी असं तोडून बोललो असतो तर वाईट दिसलं असतं. आणि तुला काय फरक पडतो ग? तू घरात. मला चार माणसांत वावरायचं असतं."

 हेमाताईंच्या डोळ्यांपुढे एकेक चेहरा यायला लागला. धाकट्या दिरांचा मुलगा शिकायला पुण्यात यायचा होता. तो आलाच नाही, आणि जाऊबाई तेव्हापासून त्यांच्याशी नजर मिळवत नव्हत्या. खालच्या आनंदीबाई पूर्वी रोज भाजी चिरायला वर यायच्या, त्या एकाएकी यायच्या बंद झाल्या. सोसायटीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं शेवटी यायचं. आपला स्वभावच माणसांना आवडत नसणार, असं धरून त्यांनी हळूहळू बोलणं कमी केलं होतं. मग खरंच तसा स्वभाव झाला.

"धाकट्या भावजींच्या मुलाला कोण नको म्हणालं होतं?"

"ते आता कशाला काढतेस?"

"कोण?"

"तुला झेपलं नसतं," श्यामराव म्हणाले. "मी तुझाच विचार केला."

"आणि आनंदीबाई?"

श्यामरावांनी कप खाली ठेवला. "त्या फार बसायच्या. माझी झोप मोडायची. मी म्हटलं, हिला जरा दुपारची विश्रांती लागते."

म्हणजे नुसती अपेक्षा नव्हे. चौतीस वर्षं या घरातून बाहेर गेलेला प्रत्येक नकार हेमाताईंच्या नावानं गेला होता आणि स्वयंपाकघरातून गेलेला प्रत्येक लाडू श्यामरावांच्या. त्यांना एकदम हसू आलं, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"तिला खरं सांगा," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं राहू दे. त्या पोरीला तेवढं सांगा. मी नव्हतं सांगितलं म्हणून."

"सांगू की. त्यात काय एवढं!" श्यामराव लगेच म्हणाले. "येत्या रविवारी तिचा कार्यक्रमच आहे, एरंडवण्यात. मला बोलावलंय. तूही चल. समोरासमोर सांगतो, झालं?"

इतक्या पटकन हो म्हणाले म्हणून हेमाताईंना बरं वाटलं. चार दिवस त्यांनी तेवढ्यावर काढले. रविवारी त्यांनी नारायणपेठ नेसली आणि श्यामरावांच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली.

हॉल लहान होता, भरलेला होता. मुलीच जास्त. स्टेजवर अपेक्षा. केस कापलेले, अंगानं भरलेली, हातात माइक. सध्या हिंजवडीत नोकरी करते, असं मुलाखत घेणाऱ्यानं सांगितलं. तिसऱ्या रांगेतून हेमाताईंना तिचा डावा हात दिसत होता. बोलताना बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळायची सवय तीच होती.

"सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारतो," मुलाखतकार म्हणाला. "कडीकाकू खरी आहे का?"

हॉलमध्ये हशा पिकला. अपेक्षा हसली. "पुण्यात राहिलेल्या प्रत्येकीची एक कडीकाकू असते. माझी जरा जास्तच ओरिजिनल होती."

टाळ्या पडल्या. हेमाताईंच्या शेजारची मुलगी जोरजोरात टाळ्या वाजवत होती आणि तिनं हेमाताईंकडे पाहून मान हलवली, म्हणजे तुम्हीही वाजवा. श्यामराव वाजवत होते.

"आणि शेवट? नायक-नायिका एकत्र येतात, तोही खरा?"

"नाही," अपेक्षा म्हणाली. "तेवढा मी बदलला. माझं एक वर्ष गेलं. मी परत आले तोवर त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं होतं. पुस्तकात तरी होऊ दे म्हटलं." या वेळी कुणी हसलं नाही.

हेमाताईंनी श्यामरावांकडे पाहिलं. ते स्टेजकडे बघत होते, चेहऱ्यावर कौतुक होतं.

कार्यक्रम संपल्यावर सही घ्यायला रांग लागली. त्यांचा नंबर आला तसं अपेक्षानं वर पाहिलं आणि खुर्ची मागे सारून उठली. "काका!" ती वाकली, श्यामरावांच्या पाया पडली. मग तिनं हेमाताईंना पाहिलं. क्षणभर तिला काय करावं कळलं नाही. तिनं हात जोडले. "काकू. तुम्ही पण आलात."

"आले," हेमाताई म्हणाल्या. "यांना तुला काही सांगायचंय."

श्यामरावांनी घसा साफ केला. "छान बोललीस हो. अगदी अभिमान वाटला. वडील कसे आहेत?"

"बरे आहेत."

"त्यांना माझा नमस्कार सांग." श्यामरावांनी पुस्तक पुढे केलं. "सही कर बघू यावर."

अपेक्षा सही करायला वाकली. हेमाताई थांबल्या. पेन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. श्यामराव टेबलावरचा फुलांचा गुच्छ निरखून बघत होते. मग हेमाताईच बोलल्या.

"अपेक्षा, तुझ्या वडिलांना फोन मी केला नव्हता. तू मला सांगितलेलं मी यांना बोलले, ती माझी चूक. पण फोन यांनी केला. मला आत्ता पुस्तक वाचून कळलं."

अपेक्षानं पेन ठेवलं. तिनं आधी हेमाताईंकडे पाहिलं, मग श्यामरावांकडे. "काका?"

श्यामराव हसले. तेच हसू, काउंटरच्या काचेमागून छत्तीस वर्षं हसलेलं. "जाऊ दे ना ग. जुन्या गोष्टी. आता कोणी का केला असेना."

अपेक्षाच्या चेहऱ्यावर उमगल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते चुकीचं होतं हे हेमाताईंना तेव्हाच दिसलं. ती टेबलाला वळसा घालून पुढे आली आणि तिनं हेमाताईंचा हात हातात घेतला. "काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. खरंच. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. पुस्तक लिहिलं ना, त्यातच सगळं निघून गेलं. आता काकांवर कशाला ढकलायचं?"

"मी केलेलंच नाही," हेमाताई म्हणाल्या. "तर तुझी माफी घेऊन ठेवू कुठे?"

मागची मुलगी पुस्तक घेऊन अर्धं पाऊल पुढे सरकली. श्यामराव अपेक्षाच्या कानाशी वाकले. आवाज हळू होता, पण हेमाताईंना ऐकू आला. "मनावर घेऊ नकोस. हिला आता निघायची घाई झालीय."

अपेक्षानं श्यामरावांकडे जे पाहिलं, ते हेमाताई मरेपर्यंत विसरणार नव्हत्या. त्या नजरेत कीव होती. इतक्या वर्षांनंतरही या बिचाऱ्या माणसाला हे सोसावं लागतंय, अशी. तिनं पुन्हा एकदा काकांना नमस्कार केला आणि पुढच्या मुलीचं पुस्तक हातात घेतलं.

हेमाताई जिना उतरून फुटपाथवर येऊन उभ्या राहिल्या. साडेसात वाजले होते, रस्त्याला रविवारची गर्दी होती. श्यामरावांनी स्कूटर काढून त्यांच्यापुढे आणून लावली. पुस्तक डिकीत टाकलं.

"झालं ना समाधान? मी म्हणालोच होतो, तिच्या मनात काही नाही. बस."

"मी चालत येणार आहे."

"चालत? म्हात्रे पुलावरून? गुडघे दुखतात ना तुझे? लोक काय म्हणतील, म्हातारा एकटा स्कूटरवर आणि बायको मागून चालतेय!"

"सांगा त्यांना," हेमाताई म्हणाल्या, "की ही म्हणाली, मला तुमच्या मागे बसायचं नाही. या वेळेला मी खरंच म्हणतेय."

 मागे एक रिक्षा येऊन थांबली, तिच्यामागे मोटार, आणि दोघांनी हॉर्न धरला. श्यामरावांनी एकदा मागे पाहिलं, एकदा बायकोकडे, कसनुसं हसून रिक्षावाल्याला हातानं थांब म्हटलं. रिक्षावाला थांबेना. शेवटी त्यांना स्कूटर पुढे घ्यावी लागली.

हेमाताईंनी निऱ्या किंचित वर धरल्या आणि पुलाच्या बाजूला चालायला लागल्या. पहिल्या चौकापर्यंतच गुडघा दुखायला लागला. त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर मिनिटभर टेकल्या, आणि मग उठून पुढे निघाल्या.